गोपीनाथशास्त्री सापडत नाहीत

विषय

इंदूरच्या एका भाविकाने दुर्गाघाटाच्या वेदपाठशाळेला चार कॉम्प्युटर दान दिले, आणि दानात आलेल्या गाईंसारखे ते दारात येऊन उभे राहिले. दूध देतात की लाथ मारतात हे कुणालाच ठाऊक नाही, पण परत पाठवायची सोय नाही.

गल्लीत मोटार शिरत नाही, तेव्हा खोकी हमालांच्या डोक्यावरून आली. वाटेत एका सांडाने एका खोक्याचा वास घेतला आणि तो बाजूला झाला. सांड आपणहून बाजूला झाला म्हणजे वस्तू शुभ, असं पाठशाळेच्या विद्यार्थ्यांनी ठरवून टाकलं.

उघडल्यावर कळलं की चारही यंत्रं आतून रिकामी. पडदा आहे, बटणं आहेत, शेपटीवाला माऊसही आहे. पण यंत्राला 'ऊठ, तू यंत्र आहेस' असं सांगणारी जी प्रणाली आत घालावी लागते, तीच नाही.

"देह आहे, प्राण नाही," पाठशाळेचे प्रमुख गोपीनाथशास्त्री म्हणाले. काशीत हे वाक्य येता-जाता कानांवर पडतं, त्यामुळे कुणी दचकलं नाही.

प्राण कुठला घालायचा? विषय हा.

संशय

साल १९९९. साऱ्या जगात याच प्राणावरून जुंपली होती. एका बाजूला विंडोज: बलाढ्य कंपनीची, पैसे मोजून घ्यायची, अर्ध्याहून जास्त जगाने घेतलेली. त्या कंपनीवर खुद्द अमेरिकेच्या सरकारने खटला भरला होता, की बाबा, तू आपल्या प्रणालीबरोबर इंटरनेट बघायचा झरोकाही लोकांच्या गळ्यात बांधतोस, मग बाकीच्या झरोकेवाल्यांनी काय गंगेत उड्या घ्यायच्या? दुसऱ्या बाजूला लिनक्स: मालक असा कुणीच नाही, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून रचलेली, कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडीवर फुकट मिळणारी. आणि या दोघींच्या डोक्यावरून तिसरीच लढाई: इंटरनेटच्या त्या अफाट पसाऱ्यात हवं ते शोधून देणार कोण? त्या आखाड्यात तर रोज नवा पैलवान लंगोट कसून उतरत होता.

या धुमश्चक्रीची झळ दुर्गाघाटाला लागली ती शरदिनी पुणतांबेकरमुळे.

शरदिनी ही न्यायशास्त्राचे पंडित वेणीमाधवशास्त्री यांची धाकटी लेक. गणितात एम.एस्सी. झालेली, आणि पाठशाळेच्या मागच्याच गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, एका म्हाताऱ्या यंत्रावर कॉम्प्युटरचा क्लास चालवणारी. यंत्रात अर्थात लिनक्स. गल्लीतल्या मुली यायच्या, बँकेतले एक-दोन कारकून यायचे. सगळं बरं चाललं होतं आणि भावाचं लग्न ठरलं. पुढची खोली आता नव्या जोडप्याची. आईने पडद्याचं कापडसुद्धा आणलं, त्यावर मोर. मोर आले की क्लास गेला. क्लास गेला की आत्याने पुण्यात हेरून ठेवलेलं एक स्थळ तेवढं उरलं. स्थळाला स्कूटर होती, टक्कल होतं आणि मतं होती.

म्हणून शरदिनीला पाठशाळेची ती मागची खोली हवी होती. आजवर तिथे दर्भ आणि समिधा ठेवत. आता तिथे चार यंत्रं मांडायची होती, आणि ज्याच्या हाती खोलीची किल्ली येईल त्याने तिथे शिकवायचं होतं.

समोर उभा ठाकला विश्वजीत. हा इथल्याच डिझेल इंजिनांच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला नागपूरकर. विद्यापीठाजवळच्या लंका बाजारात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि तो विंडोज विकायचा. मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला प्रत्येक खोलीत एक गिऱ्हाईक दिसायचं.

"शरदिनीजी, तुम्ही काहून त्रास करून घेता?" तो म्हणाला. "फुकटची वस्तू शास्त्रीलोकांना द्याल तर ते म्हणतील, हिच्यात काहीतरी खोट आहे. दक्षिणेशिवाय मंत्र लागत नाही म्हणतात ना तुमच्यातच?"

ते खरं होतं, हीच शरदिनीची पंचाईत होती.

गोपीनाथशास्त्रींनी निर्णय देण्याची जुनी रीत काढली. नागपंचमीला शास्त्रार्थ. पतंजली शेषाचा अवतार, म्हणून काशीतले पंडित नागपंचमीला एकमेकांशी शास्त्रोक्त भांडतात. एरवी भांडतात ते निव्वळ सवयीने.

पूर्वपक्ष

शरदिनीचं शिक्षण दोन ठिकाणी झालं होतं. एक विद्यापीठात. दुसरं जेवणाच्या पाटावर, वडिलांच्या समोर.

वेणीमाधवशास्त्रींचा नियम एकच. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता येत नसेल, तर ते खोडायचा अधिकार नाही. त्याने स्वतः 'होय, हेच मला म्हणायचं होतं' असं कबूल केल्यावर मग तोंड उघडायचं. लहानपणी शरदिनीला कारल्याची भाजी नको असली, तर आधी कारल्याची बाजू मांडावी लागे. पित्तशामक, रक्तशुद्धिकारक, गरिबाला परवडणारं. ती इतकी छान मांडायची की मांडता मांडता दोन घास खाऊन बसायची.

हे तिला आठवायला हवं होतं.

नागपंचमीच्या दुपारी पुरणाची दिंडं जेवून सभा भरली. पुढच्या रांगेत वेणीमाधवशास्त्री. शेजारी खास पाहुणे म्हणून संकठा घाटाच्या पाठशाळेचे काशीनाथशास्त्री, ज्यांचं आणि गोपीनाथशास्त्रींचं तरुणपणापासून एकाही स्वराबद्दल एकमत झालेलं नव्हतं. वरच्या सज्जात बायका, त्यांत मधोमध गोपीनाथशास्त्रींच्या पत्नी वीणाकाकू, हातात सुपारीचा अडकित्ता. मध्ये, तिवाशीच्या आसनावर, मध्यस्थ म्हणून स्वतः गोपीनाथशास्त्री.

विश्वजीत आधी उठला. "विंडोज चांगली आहे. सगळे वापरतात. माऊस दाबला की चालते. धन्यवाद." आणि बसला.

सभेला वाटलं, हा मंगलाचरणाचा श्लोक असेल. पण तो खरंच बसला होता.

मग शरदिनी उठली. "प्रतिपक्षाचं म्हणणं अपुरं मांडलं गेलं आहे," ती म्हणाली. "आधी ते पुरं करते."

वेणीमाधवशास्त्रींनी समाधानाने डोळे मिटले.

"गंगा कुणाची? सगळ्यांची. पण गंगेत उतरणार कसं? कडेने चिखल आहे, दरड आहे, त्यात म्हातारी माणसं. पायऱ्या लागतात. प्रणाली म्हणजे या पायऱ्या. आणि पायऱ्या बांधतो कोण? ज्याची ऐपत आहे तो. या काशीत पेशव्यांनी घाट बांधले, शिंद्यांनी बांधले, होळकरांनी बांधले. साताऱ्याहून आलेल्या यात्रेकरूला कुणी म्हटलं का, की येताना चार दगड घेऊन या आणि आपली पायरी आपण रचा?"

"नाही म्हटलं," सभेतून कुणीतरी म्हणालं.

"लिनक्स तेच म्हणते. दगड फुकट आहेत, छिन्नी फुकट आहे, नकाशा फुकट आहे. रच. विधवा बाई संकल्प सोडायला आली आहे, आणि तुम्ही तिच्या हातात छिन्नी देता?"

हशा. काशीनाथशास्त्रींनी मांडीवर थाप मारली. गोपीनाथशास्त्री पुढे सरकून बसले. शरदिनीला आपल्या आवाजात एक गोडवा उतरल्याचं जाणवलं. तो खोकल्यासारखा आवरता आला असता, पण तिने आवरला नाही.

"आता म्हणतात, कंपनीने आपल्या घाटावर आपलीच नाव बांधली. दुसऱ्यांच्या नावा लागू देत नाही. अमेरिकेत यावर खटला चालू आहे. मी विचारते, यात अधर्म कुठला? दशाश्वमेधावर छत्रीखाली बसलेला उपाध्याय शेजारच्या उपाध्यायाचा यजमान आपल्या छत्रीत घेतो का?"

आता मात्र सभा हलली, कारण अर्धी सभा छत्रीखाली बसूनच आलेली होती.

"वाहवा! पुन्हा एकदा!"

तिने पुन्हा एकदा सांगितलं. मग गुरुशिष्यपरंपरेवरून सांगितलं: सगळे जी लिपी वाचतात तीच शिकावी, मोडीत लिहिलेलं शहाणपण कोण वाचतं? मग एकवाक्यतेवरून सांगितलं. मग कुणीतरी शंका काढली आणि तिने ती विंडोजच्या बाजूने इतकी बेमालूम खोडली की शंका काढणाऱ्याने तिला नमस्कार केला.

"विश्वजीत," गोपीनाथशास्त्रींनी विचारलं, "हेच तुझं म्हणणं?"

विश्वजीतचं तोंड उघडंच होतं. "हो बाप्पा," तो म्हणाला. "मले माहीतच नव्हतं की माझं एवढं म्हणणं आहे."

शरदिनीने पदर सावरला, घोटभर पाणी प्यायली, आणि म्हणाली, "आता उत्तरपक्ष."

उत्तरपक्ष

(संकठा देवीच्या देवळात घंटा झाली. संध्येची वेळ. सभा उठली.)

क्षेपक: जेवणाच्या पाटावर

शरदिनी: अण्णा, माझं राहिलं.

अण्णा: काय राहिलं?

शरदिनी: खोडायचं! मी त्यांची बाजू मांडली. आपली मांडलीच नाही.

अण्णा: उत्तम मांडलीस. मध्येच एक उपमा सैल होती, छत्रीची. पण उत्तम.

आई: मोरांच्या पडद्याला कडी लावायला सुतार परवा येतोय.

शरदिनी: अण्णा, घाट बांधणारे बांधून गेले. आज होळकरांना विचारून कुणी आंघोळ करतं का? आत्ता श्रावणात अर्धा घाट पाण्याखाली आहे. दगड निसटला तर गल्लीतला गवंडी बसवतो की नाही? त्याला कुणी सांगतं का, की दगडाला हात लावू नकोस, आत काय आहे ते गुपित आहे? ज्याचा दगड उचलून बघता येत नाही तो घाट नाही, ते कुणाचं तरी खासगी न्हाणीघर आहे. पायऱ्या कुणीही बांधू दे, पण...

अण्णा: हे सुंदर आहे.

शरदिनी: मग?

अण्णा: मग काय? हे तू आमटीला सांगते आहेस. सभेला सांगितलंस ते वेगळं.

आई: वाढू का अजून?

अण्णा: जे सभेत बोललं तेच म्हणणं. मनात होतं ते मनात. शास्त्र असंच आहे, शरू.

शरदिनी: शास्त्र गेलं मणिकर्णिकेवर.

अण्णा: आधी शास्त्राची बाजू मांड. मग पाठव.

प्रमाण

दुसऱ्या दिवशी गोपीनाथशास्त्रींनी पहिला प्रश्न एका श्वासात निकालात काढला. प्रणाली विंडोज. शरदिनीने सिद्ध केली, विश्वजीतने आक्षेप घेतला नाही.

"गुरुजी, माझा उत्तरपक्ष..."

"काल होता. आज तो श्राद्धानंतरचं औषध." गोपीनाथशास्त्रींनी उपरणं झटकलं. "पण किल्ली कुणाला, हे ठरायचंय. शिकवायला बोलता येणं पुरत नाही, शोधताही आलं पाहिजे. म्हणतात त्या इंटरनेटवर सगळं सापडतं. ठीक. मला शोधा. जो मला शोधेल त्याची खोली."

सभेत कौतुकाची कुजबुज झाली. काशीनाथशास्त्रींनी मात्र नाकाने एक बारीक आवाज काढला.

शरदिनीचं म्हातारं यंत्र पाठशाळेच्या दिवाणखान्यात आणलं होतं. वरच्या मजल्यावर गोपीनाथशास्त्रींच्या घरी जाणारी टेलिफोनची तार खिडकीतून ओढून यंत्राला जोडली. विश्वजीतने फोन लावला आणि यंत्रातून तो आवाज निघाला, आधी शिट्ट्या, मग खरखर, मग कुणीतरी पत्र्यावर घासत नेल्यासारखी किंकाळी.

"हे कुठल्या शाखेचं सामगान?" काशीनाथशास्त्रींनी विचारलं.

विश्वजीतने निवडलं ते त्या काळचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं संकेतस्थळ. ते शोधायचं नाही, दाखवायचं: विषयांत विषय, त्यांत पोटविषय, कुणीतरी बसून नीट लावलेली मोठी सूची. विश्वजीत धर्मात शिरला. धर्मातून हिंदू धर्मात. तिथून तीर्थक्षेत्रांत. तिथून काशीत. तिथून घाटांवर. पडद्यावर गंगेचं दर्शन होणाऱ्या एका लॉजचं पान उघडलं आणि रस्ता संपला.

"मी कुठाय?"

विश्वजीतने मागे जाऊन पुन्हा पाहिलं. विद्वानांत पाहिलं, संस्कृतात पाहिलं, धीर करून संग्रहालयांतही पाहिलं.

"गोपीनाथशास्त्री सापडत नाहीत," तो म्हणाला.

गोपीनाथशास्त्रींनी उपरणं सावरलं आणि शरदिनीकडे बोट केलं.

मग शरदिनी बसली. तिच्याजवळ एक नवं स्थळ होतं, जेमतेम वर्षाचं बाळ. पांढऱ्या पानावर एक चौकट, बस्स, ना सूची ना सजावट. त्याच्याबद्दल मासिकात वाचून तिला हसू आलं होतं, कारण त्याची रीत शुद्ध बनारसी होती. एखादं पान किती चांगलं, हे ते त्या पानाला विचारायचंच नाही. त्या पानाकडे बाकीच्या किती पानांनी बोट दाखवलंय ते मोजायचं, आणि बोट दाखवणाऱ्यांकडे किती जणांनी दाखवलंय तेही. गोदौलियाच्या चौकात उभं राहून वैद्य कुठला चांगला विचारलं, तर लोक जसं सांगतात तसं.

तिने नाव टाईप केलं. फोन तुटला.

"कोण बोलतंय?" यंत्रातून नव्हे, वरच्या सज्जातून, वीणाकाकूंच्या सुनेचा आवाज आला. घरातला दुसरा फोन कुणीतरी उचलला होता.

"ठेव तो!" गोपीनाथशास्त्री गरजले. "मला शोधतायत!"

पुन्हा शिट्ट्या, पुन्हा किंकाळी. आणि मग:

एक निकाल.

"सापडले!" शरदिनी म्हणाली. गोपीनाथशास्त्री तिवाशीवरून उठले. त्यांना उठताना पाहून सभा उठली.

पान हळूहळू उघडायला लागलं. त्यात एक फोटो होता, आणि त्या दिवसांत फोटो वरून खाली, ओळीओळीने उतरायचा, वासुदेवाची स्वारी गल्लीतून येते तसा. आधी छत दिसलं. मग पंखा.

"हा आपलाच पंखा!"

मग भिंतीवरचं पंचांग. मग एक पगडी.

"गुरुजींची पगडी!"

मग कपाळ, त्यावर गंध. गोपीनाथशास्त्रींनी सवयीने आपल्या कपाळाला हात लावून पाहिला. मग डोळे. मिटलेले.

"ध्यानस्थ आहेत," वेणीमाधवशास्त्रींनी स्पष्ट केलं.

"ध्यानच आहे ते," गोपीनाथशास्त्री समाधानाने म्हणाले.

मग तोंड. उघडं.



"खाली इंग्रजीत काय लिहिलंय?" गोपीनाथशास्त्रींनी विचारलं. "सांग, मुली. मराठीत."

शरदिनीने वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लिहिणारी हॉलंडची एक मुलगी. वेदपाठ ऐकायला आलेली. सभेत इंग्रजी येणारे दोघंच: ती आणि तिच्या खांद्यावरून वाचणारा विश्वजीत.

"पहिल्या ओळीवर थांबा ना," विश्वजीत कानाशी पुटपुटला. "मी काही नाही बोलणार. शप्पथ."

पहिली ओळ होती: या शहरात मी पुष्कळ विद्वान पाहिले, पण गोपीनाथशास्त्रींसारखा शिक्षक दुसरा नाही.

इथे थांबलं की खोली. किल्ली गोपीनाथशास्त्रींच्या जानव्याला लटकत होती, अगदी समोर. मोर गेले, टक्कल गेलं, स्कूटर गेली. फक्त पूर्णविराम द्यायचा.

तिने ओळ सांगितली. सभेने 'वा' म्हटलं. गोपीनाथशास्त्रींचा हात जानव्याकडे गेला.

आणि शरदिनीची नजर अण्णांकडे गेली. ते डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकत होते, कारल्याची बाजू ऐकायचे तसे. अर्धी मांडलेली बाजू त्यांना शिंकेसारखी आधीच कळायची.

"पुढे आहे अजून," शरदिनी म्हणाली. विश्वजीतने कपाळाला हात लावला.

"'शिकवता शिकवता ते झोपतात. मुलं पाठ थांबवत नाहीत, कारण आवाज थांबला की ते जागे होतात, आणि जागे झाले की पहिल्यापासून म्हणायला लावतात. म्हणून सगळा वर्ग त्यांच्या झोपेची काळजी घेतो. इतकी शांत झोप मी आमच्या देशात कुणाची पाहिली नाही.' संपलं."

पाठशाळेचे विद्यार्थी जमिनीकडे बघू लागले. एकाच्या खांद्याला बारीक झटके येत होते.

"हे," गोपीनाथशास्त्री शेवटी म्हणाले, "हे खरं आहे का?"

सभेतला प्रत्येक जण पंखा न्याहाळत होता. तोच पंखा, फोटोतला.

वरून अडकित्ता वाजला. "एवढं हॉलंडला विचारायची काय गरज होती?" वीणाकाकू म्हणाल्या. "मला विचारलं असतं. घोरतातसुद्धा. ते त्या पोरीने सभ्यपणाने गाळलंय."

निर्णय

गोपीनाथशास्त्री पक्के नैयायिक होते, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं. काशीनाथशास्त्री पुढच्या रांगेत बसून तेच करत होते.

"यंत्र खरं सांगतं, हे सिद्ध झालं," गोपीनाथशास्त्री म्हणाले. "मुलीने गाळलं नाही, हेही सिद्ध झालं. आता सभेने मला सांगावं, की गुरू झोपला तरी जिथे पाठ चालू राहतो, अशा ठिकाणी ही दोन्ही ठेवून पाठशाळा चालेल कशी?"

सभेने पुन्हा पंख्याकडे मान वळवली.

"खोली विश्वजीतला. त्याच्या शोधात मी सापडत नाही. पाठशाळेला असाच शोध योग्य."

किल्ली विश्वजीतच्या हातात पडली. त्याने ती गरम भजी घ्यावी तशी घेतली. "सॉरी, शरदिनीजी," तो म्हणाला. "मले तर फक्त माल विकायचा होता. हे सकाळी पाचला येतात का हो, विद्यार्थी?"

"साडेचारला," शरदिनी म्हणाली.

वाटेत अण्णा दोन पावलं पुढे चालत होते. दाराशी आल्यावर म्हणाले, "निर्णय दुष्ट आहे. पण तर्क शुद्ध आहे."

"अण्णा, आज एक दिवस तर्काला सोडा."

"सोडला," अण्णा म्हणाले. मग खालच्या आवाजात: "ओळ पुरी केलीस. बरं वाटलं." आणि ते देवळात निघून गेले. एवढं ते तिच्या एम.एस्सी.च्या निकालालाही बोलले नव्हते. पण कौतुकात यंत्र ठेवता येत नाही, ही अडचण होतीच.

अधिकरणाबाहेरचं

यंत्र घरी येऊन पुन्हा जोडलं जातंय न जातंय तोच दारात छत्री उभी राहिली. छत्रीखाली काशीनाथशास्त्री. घाटावरची वाट पाण्याखाली, म्हणून गल्ल्यागल्ल्यांतून आले होते आणि धोतर पोटरीपर्यंत चिखलाने माखलं होतं.

"वेणीमाधव आहे?"

"देवळात गेलेत, काका."

"बरं झालं." ते आत आले, घडी घालून ठेवलेल्या मोरांच्या पडद्याकडे संशयाने पाहिलं, स्टुलावर बसले. "इकडून सहज चाललो होतो. म्हटलं, माझंही नाव बघशील का एकदा?"

तिने पाहिलं. एकही निकाल नाही.

"पुन्हा."

पुन्हा नाही. वेगळ्या स्पेलिंगने नाही. संकठा घाट जोडूनही नाही.

"म्हणजे गोपीनाथ सापडतो आणि मी नाही?" काशीनाथशास्त्रींचा आवाज चिरकला.

"त्यांच्यावर कुणीतरी लिहिलंय, काका."

"झोपतो म्हणून लिहिलंय!"

"हो, पण लिहिलंय."

"अगं, मीही झोपतो!"

शरदिनीला हसू आवरेना. मग तिने त्यांना बोटांची गोष्ट सांगितली: पान असावं लागतं, आणि त्या पानाकडे बाकीच्यांनी बोट दाखवावं लागतं. जितकी बोटं, तितकं वर.

काशीनाथशास्त्री ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज पसरत होतं. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना पुढची कित्येक वर्षं ज्याची डोकेदुखी होणार होती, ती युक्ती संकठा घाटाच्या एका वैयाकरणाला चिखलाच्या धोतरात स्टुलावर बसल्या बसल्या सुचत होती.

"माझे विद्यार्थी आहेत," ते म्हणाले. "प्रत्येकाने एकेक पान केलं, आणि प्रत्येक पानातून माझ्याकडे बोट दाखवलं, तर?"

"तर तुम्ही वर याल."

"त्यांना पान करायला शिकवशील?"

"कुठे? ही खोली तर चालली."

"माझ्याकडे गंगेच्या बाजूला खोली आहे. रिकामी आहे. उंदीर आहेत, पण ते जातील. हे तुझं यंत्र घेऊन ये, आणखी यंत्रांचं मी बघतो. इंदूरला काय एकच भाविक आहे?"

शरदिनीने विचारलं, "आत प्रणाली कुठली घालू, काका? विंडोज की लिनक्स? शास्त्रार्थ ठेवायचा असेल तर..."

"ते म्हणजे काय असतं?"

"काल दुपारभर चाललं ते."

"अच्छा, ते. ते तुझं तू बघ." त्यांनी हात झटकला. "गोपीनाथ खाली आणि मी वर, एवढं झालं पाहिजे."

"आणि माझ्या गल्लीतल्या मुली येतील. क्लासच्या."

काशीनाथशास्त्री थबकले. "मुली? पाठशाळेत? शरदिनी, लोक काय..."

"आपल्या दृष्टीने पाहिलं तर," शरदिनी सुरू झाली, "पाठशाळेची एक परंपरा आहे, ब्रह्मचारी विद्यार्थ्यांचं चित्त..." वाक्य छान जमत होतं. पुढची तीन वाक्यं तिला आत्ताच दिसत होती, एकाहून एक भक्कम.

तिने तोंड मिटलं.



"मुली येतील," ती म्हणाली. "नाहीतर वर येणं जमायचं नाही."

बाहेर गल्लीत कुणीतरी सांडाला शिव्या देत होतं. काशीनाथशास्त्रींनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली, छताकडे पाहिलं, आणि ओच्यातून एक गंजकी किल्ली काढून यंत्राच्या बटणांवर ठेवली. पडद्यावर त्यांच्या नावापुढे आपोआप बरीचशी अर्थहीन अक्षरं उमटत गेली.

"हे काय? आलो का मी?" त्यांनी पुढे वाकून विचारलं.

"याल," शरदिनी म्हणाली आणि किल्ली उचलली.